‘नेट स्लो आहे’ म्हणजे नेमकं किती?

२०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा होता. अर्जाची मुदत ३१ जुलै. यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके. शेवटच्या आठवड्यात सेवा केंद्रापुढची रांग कशी असते, ते इथल्या कोणालाही सांगायला नको. हातात सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. आत पडद्यावर गोल फिरतंय. आणि केंद्रचालकाच्या तोंडी तीनपैकी एक वाक्य: ‘नेट स्लो आहे’, ‘रेंज नाही’, नाहीतर ‘सर्व्हर डाऊन आहे’. मुदत पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. राज्यभरातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज भरले गेले.

ती तीन वाक्यं आपण एकाच अर्थाने बोलतो, आणि घोळ तिथेच होतो. ती तीन वेगळी दुखणी आहेत. त्यांचे आकडे एकमेकांपासून शेकडो-हजारो पटींनी दूर आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. ‘सर्व्हर डाऊन’ असताना महागडा प्लॅन घेणं म्हणजे जिनिंगचा काटा बंद पडलाय म्हणून गाडीला नवे बैल जोडणं.

आधी अंतर घेऊ. प्रकाश पोकळीत सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर जातो. नेटचे निरोप ज्यातून धावतात, त्या काचेच्या तंतूत त्याचा वेग दोन लाखांवर येतो. म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, २०० किलोमीटर. शकुंतला रेल्वेचा यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा मार्ग प्रकाश अर्ध्या मिलिसेकंदाहून थोड्या जास्त वेळात संपवतो. पापणी लवायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. इतके बारीक आकडे मनात बसत नाहीत, म्हणून ते मोठे करून पाहू. एक मिलिसेकंद म्हणजे एक मिनिट असं धरा.

यवतमाळहून मुंबई सरळ रेषेत साधारण ५७० किलोमीटर. निरोप जाऊन उत्तर परत यायला, आपल्या या घड्याळात, सहा मिनिटं. केबल सरळ रेषेत जात नाही, रस्त्याच्या कडेने वळत जाते, मध्ये यंत्रं लागतात. म्हणून प्रत्यक्षात पंचवीस-तीस मिनिटं लागली तरी ठीक म्हणावं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरकडे जाऊन यायला साडेतीन तास. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्गे विचारणा गेली आणि उत्तर आलं, तर आठ तास. वाटेत माहितीचं एक पाकीट हरवलं आणि सुरुवातीलाच ‘उत्तर येईना’ म्हणून पुन्हा पाठवायची वेळ आली, तर ठरलेली वाट पाहण्याची मुदत एक सेकंद, म्हणजे आपले साडेसोळा तास. आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा गप्प बसली, तर कित्येक संगणक पाच सेकंद थांबून मग दुसरीकडे विचारतात. ते झाले साडेतीन दिवस.

सहा मिनिटं, साडेतीन तास, साडेतीन दिवस. या सगळ्याला आपला शब्द एकच: स्लो.

पाकिटाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. साधारण वेबपान आज अडीच मेगाबाइटच्या आसपास असतं. ते सलग वाहत येत नाही. दीड-दीड हजार बाइटांची सतराशेच्या वर पाकिटं होऊन येतं. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर ती सगळी ०.२ सेकंदात यायला हवीत. येत नाहीत, कारण पाठवणारा आधी अंदाज घेतो. पहिल्या खेपेला दहा पाकिटं. ती पोचल्याची पावती आली की वीस, मग चाळीस, ऐंशी. सतराशे पार व्हायला आठ खेपा लागतात. त्याआधी ओळख पटवायची आणि कुलूपकिल्ली ठरवायची म्हणून आणखी दोन. एकूण दहा खेपा. सर्व्हर मुंबईत असेल तर पाव सेकंद, अमेरिकेत असेल तर दोन सेकंदांहून जास्त. लाइन तीच, प्लॅन तोच. शंभरचा प्लॅन दोनशेचा केला, तरी त्या दहा खेपांतली एकही कमी होत नाही.

हा अंदाज घेण्याचा शहाणपणा सुरुवातीपासून नव्हता. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधली लाइन अचानक बसली. दोन्हींमधलं अंतर ४०० यार्ड, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या थोडं वर. वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला, आठशे पटींनी. दोन हजार अक्षरांचं इंग्रजी पत्र आधी अर्ध्या सेकंदात जायचं, त्याला आता पावणेसात मिनिटं लागली असती. तेच पत्र हातात घेऊन माणूस पायी निघाला असता, तर तो आधी पोचला असता. तार तुटलेली नव्हती. उत्तर उशिरा येतंय म्हणून प्रत्येक संगणक तेच पाकीट पुन्हा-पुन्हा पाठवत होता, आणि त्या गर्दीनेच रस्ता बंद झाला होता. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला, आणि १९८८ साली उपाय छापला. आपण वरती मोजलेला दहा-वीस-चाळीसचा हिशेब त्याच उपायातून आला आहे.

आता ‘रेंज नाही’ पाहू. १९९७ साली मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र मांडलं, त्यात आकडे घालून बघा. सर्व्हर २०० मिलिसेकंदांवर आहे आणि शंभरातलं फक्त एक पाकीट हरवतंय. मातीच्या दोन भिंतींपलीकडे ठेवलेल्या वायफायवर किंवा टॉवरच्या टोकाला असलेल्या मोबाइलवर हे सहज घडतं. अशा वेळी जुन्या पद्धतीची जोडणी सेकंदाला ७ लाख बिटांच्या वर जात नाही. लाइन दहा कोटींची आणि हातात सात लाख! नव्या पद्धती हे नुकसान बरंच सावरतात, पण पुसून टाकत नाहीत. एका टक्क्याने नव्याण्णव टक्के जातात, हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मी बेरीज दोनदा तपासली होती.

तार खरंच तुटते तेव्हा मोजमाप आणखी बारीक होतं. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो त्याची जाडी नऊ मायक्रॉन, केसाच्या कितीतरी पट कमी. रस्त्याच्या कामात जेसीबीचा एक दात लागला की संपलं. मग दुरुस्तीवाले ओटीडीआर लावतात. हे यंत्र तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तुटल्या जागेवरून येणाऱ्या प्रतिध्वनीची वेळ मोजतं. सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाला एक मीटर. चाळीस किलोमीटरवर तुटली असेल तर प्रतिध्वनी ०.४ मिलिसेकंदात परत. पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर कुठे खणायचं, ते खोलीत बसून काही मीटरांच्या फरकाने सांगता येतं. तरीही कित्येकदा गाव दोन-दोन दिवस थांबतं, कारण जागा कळूनही माणूस तिथे पोचलेला नसतो.

तिसरं दुखणं रांगेचं, आणि माझ्या मते सगळ्यांत कमी समजून घेतलेलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांग यांनी १९०९ साली रांगेच्या गणिताची सुरुवात केली. ते आपल्या कापसाच्या काट्यावर लावून पाहू. एका गाडीला सरासरी तीन मिनिटं, म्हणजे काट्याची ताकद तासाला वीस गाड्या. गाड्या वेळापत्रकाने येत नाहीत; कधी दोन एकदम, कधी बराच वेळ एकही नाही. तासाला दहा आल्या तर प्रत्येकाचे रांगेसकट सरासरी सहा मिनिटं जातात. अठरा आल्या तर अर्धा तास. एकोणीस आल्या तर एक तास. तासामागे एकच गाडी वाढली आणि प्रत्येकाची वाट दुप्पट झाली. विसाव्या गाडीला तर हिशेबच संपतो, रांग वाढतच राहते.

सर्व्हरचं अगदी असंच असतं. १ कोटी ७० लाख अर्ज चौतीस दिवसांत, रोजचे दहा तास धरून समान वाटले, तरी सेकंदाला चौदा अर्ज पडतात. समान ते वाटले जात नाहीत. शेवटच्या दिवसांवर कोसळतात. त्यात गोल फिरतंय म्हणून केंद्रचालक रिफ्रेश दाबतो. त्याच्यासाठी ती तीच गाडी, काट्यासाठी मात्र नवी. १९८६ ला जे संगणकांनी केलं, ते आता आपली बोटं करतात. म्हणून सगळ्या राज्याला एकच शेवटची तारीख देणं मला पटत नाही. तालुक्या-तालुक्याला वेगळी तारीख दिली, तर नवं यंत्र न घेताही रांग तुटेल.

तिन्ही दुखणी वेगळी करायला हत्यार साधं आहे. अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीच्या सोनारचा आवाज हेच त्याचं नाव. तो प्रत्येक संगणकात असतो. आधी आपल्याच राउटरला पिंग करा. पाच मिलिसेकंदांच्या आत उत्तर यायला हवं. ऐंशी-शंभर येत असतील, मध्येच एखादं गायब होत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा; लाइनवाल्याला शिव्या देऊ नका, आधी केबल लावून बघा. राउटर ठीक, पण बाहेरचा कोणताही मोठा सर्व्हर दोनशे-तीनशे दाखवतोय किंवा पाकिटं हरवतायत, तर दोष लाइनचा. जेकबसन यांनीच लिहिलेला ट्रेसराउट तिथे कामाला येतो. तो वाटेतला एकेक टप्पा दाखवतो. मधल्याच एका टप्प्यावर आकडा फुगला आणि पुढे उतरला, तर घाबरू नका, ते यंत्र फक्त उत्तर द्यायला आळस करतंय. फुगलेला आकडा शेवटपर्यंत टिकला, तरच दुखणं तिथलं.

आणि बाहेरचं सगळं पंचवीस-तीसमध्ये येतंय, फक्त एकच वेबसाइट उघडत नाही? मग ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क उघडा. जोडणीला किती वेळ, नुसतं थांबण्यात किती, उतरवण्यात किती, हे ओळीओळीने दिसतं. जोडणी क्षणात झाली आणि थांबण्यात वीस सेकंद गेले, तर रस्ता मोकळा आहे, काट्यावर रांग आहे. तेव्हा रिफ्रेश दाबू नका. काही वेबसाइट पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून नुसत्या पिंगवरून त्या बंद आहेत असंही म्हणू नका.

केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी तक्रारीत ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका. तारीख लिहा, वेळ लिहा, राउटरचा आकडा, बाहेरचा आकडा, शंभरातली किती पाकिटं हरवली आणि पान किती सेकंद थांबलं ते लिहा. बाहेर उभ्या माणसाने दिवसाची मजुरी सोडलेली असते. त्याच्या हातातल्या पावतीवर हे आकडे असायला हवेत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.