भरलेल्या जीपला हात

गेल्या महिन्यात एका वाचकाचं पत्र आलं. वय त्रेसष्ट, निवृत्तीनंतर रोज सकाळी मैदानाला सहा फेऱ्या. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ पाहून त्यांनी चालण्यात ‘सुधारणा’ केली. ढांगा लांब टाकायच्या आणि दर दोन पावलांना छाती फुगवून एक दीर्घ श्वास घ्यायचा. पुढचं त्यांच्याच शब्दांत: ‘तिसऱ्या फेरीला गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं. गुडघेही कुरकुरायला लागलेत. एवढा ऑक्सिजन शरीराला सोसत नसेल का?’

काका, ऑक्सिजन जास्त झालेला नाही. कमी झालाय तो कार्बन डायऑक्साइड. (गरगरण्याला रक्तदाब, साखर, हृदय अशी दुसरीही कारणं असतात, तेव्हा डॉक्टरांना दाखवून घ्याच. दाखवाल तेव्हा व्हिडिओचंही सांगा.)

वडापची जीप आठवा. सीटा भरल्या की ड्रायव्हर निघतो; मग फाट्यावर तुम्ही एक हात केलात काय नि दोन केलेत काय, आत जागाच नसते. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे चार सीटांची जीप, आणि प्रवासी म्हणजे ऑक्सिजन. निरोगी माणसाचं रक्त फुफ्फुसातून निघतं तेव्हा शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सीटा आधीच भरलेल्या असतात. करोनाच्या दिवसांत बोटाला ऑक्सिमीटर लावून हा आकडा आपल्या सगळ्यांचा पाठ झालाय. त्यामुळे साध्या चालीत छाती कितीही फुगवली तरी नवा प्रवासी चढतो कुठे? उलट, आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि बाहेर टाकलेल्या हवेत तो १६ टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो. तोंडाला तोंड लावून दुसऱ्याला श्वास देता येतो, तो या उरलेल्याच्या जिवावर.

गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की वाढतं ते कार्बन डायऑक्साइडचं बाहेर पडणं. रक्तात तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्ताचा अल्कधर्मीपणा वाढतो, नसा हुळहुळ्या होतात, म्हणून मुंग्या. त्यात आणखी एक गंमत. जीपमधला प्रवासी नेमक्या गावी उतरतो, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड ‘चला, उतरा’ म्हणत उभा असतो. हे १९०४ साली कोपनहेगनच्या क्रिस्टियान बोर यांनी दाखवलं; अणूवाले नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव. कार्बन डायऑक्साइड हुसकावून लावला की ऑक्सिजन सीट सोडायला कुरकुर करतो. म्हणजे जास्त ऑक्सिजन मिळवायला निघालेल्या काकांच्या मेंदूला तो थोडा कमीच मिळत होता.

पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डला जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी श्वासाचा लगाम कुणाच्या हाती आहे याचा छडा लावला. हॉल्डेन म्हणजे खाणीतले विषारी वायू स्वतः हुंगून पाहणारा माणूस. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) माणसाला लांब नळीत जोराने श्वास सोडायला लावायचा आणि फुफ्फुसाच्या तळातून आलेली शेवटची हवा पकडून तपासायची, एवढीच युक्ती. डोंगरमाथ्यावर आणि खोल खाणीत जाऊनही त्यांनी ती वापरली. ऑक्सिजनचा दाब जागेनुसार बदलत होता, कार्बन डायऑक्साइडचा मात्र जवळपास ठरलेला. तो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम ०.२ टक्क्याने वाढला तरी विश्रांतीत फुफ्फुसात खेळणारी हवा दुप्पट होत होती. इतका काटेकोर मुनीम आत बसलेला असताना आपण व्हिडिओ पाहून हिशेब लिहायला जातो.

इथे मला आपल्या एका माणसाबद्दल बोलायचंय. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३, गुजरातेतल्या डभोईचा. योग्यांच्या दाव्यांवर विश्वास ठेवायचा, पण मोजून, असा त्यांचा खाक्या. पोटाचे नळ फिरवण्याच्या क्रियेत आतड्यात नेमकं काय होतं हे त्यांनी बडोद्याला क्ष-किरणांखाली आणि दाबमापक नळ्या लावून पाहिलं. तिथे वातावरणापेक्षा कमी दाब तयार होतो हे दिसल्यावर त्याला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं, नाव दिलं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघालं. योगासाठी प्रयोगशाळा आणि निष्कर्षांसाठी नियतकालिक, असा तो संसार होता.

याच प्रयोगशाळेत त्यांनी प्राणायामातल्या हवेचंही पृथक्करण केलं आणि प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो ही समजूत बाजूला सारली. प्राणायामाचा उपयोग त्यांनी नाकारला नाही. तो मज्जासंस्थेत आणि शरीरातल्या दाबांच्या खेळात शोधा, एवढंच ते म्हणत होते. शंभर वर्षं होत आली. आजही कुठल्याही बागेतल्या वर्गात जा, ‘भरपूर ऑक्सिजन आत घ्या’ ऐकू येईलच. थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. ऑक्सिजनला आपण प्राणवायू म्हटलं. मग प्राणायाम म्हणजे प्राणवायूचा साठा, हे समीकरण आपोआप जुळलं. लोणावळ्याला ज्याने हे समीकरण तपासलं, त्याचं नाव बागेतल्या किती जणांना ठाऊक असतं?

आता काकांचे गुडघे.

बैलगाडीचं एक चाक डोळ्यांसमोर आणा. त्याची लोखंडी धाव आणि लाकडी पाटे काढून टाका. उरला मधला तुंबा आणि नुसते आरे. हे चाक उतारावर सोडलं तर एकेका आऱ्यावर उभं राहत, पुढे कलंडत, दुसऱ्या आऱ्यावर आपटत ते ठक ठक चालत जाईल. ही माझी कल्पना नव्हे. चालण्याचा अभ्यास करणारे याच चाकापासून सुरुवात करतात. आपला उभा पाय म्हणजे आरा. त्यावरून शरीर कमानीसारखं वर चढतं, चढताना वेग थोडा जातो, उतरताना परत मिळतो. लंबकच, फक्त उलटा टांगलेला. इटलीच्या जोव्हानी कावान्या यांनी मोजलं तेव्हा सोयीच्या चालीत, ताशी साडेचार-पाच किलोमीटरला, या अदलाबदलीत सुमारे ६५ टक्के ऊर्जा वाचते असं दिसलं. टॅड मॅकगीर यांनी तर १९९० च्या सुमारास मोटर नसलेले नुसते पाय केले आणि ते हलक्या उतारावरून टकाटका चालत गेले.

आता चाकातला एक आड एक आरा काढा. अंतर वाढलं, कलंडणं वाढलं, दर वेळचा दणका वाढला. लांब ढांगा म्हणजे हेच. टाच पार पुढे पडते, पुढे जाणाऱ्या शरीराला तीच ब्रेक लावते आणि तो धक्का गुडघ्याने सोसायचा. सवयीने पडणारी पावलाची लांबी आपल्याला सहसा सर्वांत स्वस्त पडते. भराभर चालायचं असेल तर ढांग लांबवण्याऐवजी पावलं लवकर टाका.

हात सोडून चाला, हेही आलंच. अमेरिकेतल्या एका प्रयोगात हात अंगाशी बांधल्यासारखे ठेवून चालणाऱ्यांची ऊर्जा १२ टक्के जास्त खर्च झाली. एका हातात मोबाइल आणि दुसरा खिशात, या आपल्या राष्ट्रीय चालीला हा आकडा चिकटवून ठेवायला हरकत नाही.

या सगळ्यात उस्ताद कोण? १९८६ साली ‘नेचर’मध्ये केनियातल्या बायकांवर एक शोधनिबंध आला, पहिलं नाव नैरोबीच्या मलोय यांचं. लुओ बायका डोक्यावर ओझं नेतात, किकुयू बायका कपाळावरून पट्टा घेऊन. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्यांनी जास्तीची ऊर्जा न खर्चता नेलं. साठ किलोच्या बाईने बारा किलो फुकट! पुढे १९९५ साली उलगडा झाला: ओझ्याखाली त्यांचा उलटा लंबक आणखी सफाईने झुलतो. त्यांना ही चाल कुठल्या प्रयोगशाळेने शिकवली नव्हती.

राहिला ‘दोन पावलांना एक श्वास’चा नियम. असा पक्का नियम खरंच आहे, पण घोड्याला. चौखूर उधळताना घोड्याचं एका झेपेला एक श्वास असं बांधलेलं गणित असतं, कारण पुढच्या पायांचा दणका थेट छातीवर येतो. ब्रॅम्बल आणि कॅरियर यांनी १९८३ साली धावणाऱ्या माणसांकडे पाहिलं, तर आपल्यात कितीतरी प्रमाणं सापडली: चाराला एक, तीनाला एक, दोनाला एक, पाचाला दोनसुद्धा. दोन पायांवर उभं राहिल्याने छाती मोकळी झाली ती अशी. ही मोकळीक सोडून परत घोड्याच्या दावणीला जायचं कशाला?

तेव्हा काका, ढांगा आखडत्या घ्या, हात मोकळे सोडा, जमेल तोवर तोंड मिटून नाकाने श्वास घ्या आणि तो किती घ्यायचा हे आतल्या मुनीमावर सोपवा. चाल योग्य आहे का, याची जुनी कसोटी अशी: बोलता यावं, गाता येऊ नये.

आणि श्वास मोजायचेच असतील तर स्वतः मोजू नका. लक्ष गेलं की तो बदलतो. चांगली नर्स नाडी पाहून झाली तरी मनगट धरून ठेवते. त्या वेळी ती आपल्या छातीकडे बघत श्वास मोजत असते, आपल्याला कळू न देता. काकूंना सोबत घेऊन जा, गप्पा मारत चाला आणि हे मोजायचं काम त्यांच्याकडे द्या. कधी मोजणार, ते मात्र त्यांनी तुम्हाला सांगायचं नाही.