खेळाडू वाढतो, तसे चोरही वाढतात

सोंग घेणे ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारात उभा राहतो. तो बहुरूपी आहे हे ठाऊक असूनही पोरे क्षणभर आईच्या पदराआड होतात. संगणकावरच्या खेळांत अशी एक जातच आहे. तिच्यात खेळणारा एक सोंग निवडतो, योद्ध्याचे म्हणा, जादूगाराचे म्हणा, चोराचे म्हणा, आणि त्या सोंगाने एका कल्पित देशात हिंडतो. सुरुवातीला तो अगदी कच्चा असतो. करता करता शिकतो. इंग्रजीतून आलेले ‘रोल-प्लेइंग गेम’ हे नाव तुमच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक असेल. आपण त्याला सोंगाचा खेळ म्हणू.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील ‘बेथेस्डा’ या कंपनीने १९९४ साली ‘एल्डर स्क्रोल्स’ नावाची अशा खेळांची मालिका सुरू केली. तिच्यातला तिसरा खेळ ‘मोरोविंड’ २००२ साली आला आणि चौथा, ‘ऑब्लिव्हियन’, मार्च २००६ मध्ये. आज मला बोलायचे आहे ते या चौथ्याबद्दल. गाजलेल्या मालिकेतला पुढचा भाग म्हटला की लोक दोन टोकांना जातात. काही म्हणतात पहिल्याची सर नाही, काही म्हणतात याच्यापुढे पहिला फिका. ‘ऑब्लिव्हियन’च्या बाबतीत दोन्ही खरे आहे, आणि ते का, हे पाहण्यासारखे आहे.

आधी चांगले काय ते बघा. खेळ सुरू होतो तुरुंगाच्या कोठडीत. खुद्द सम्राट त्या कोठडीतून पळवाट काढायला येतो (त्याचा आवाज पॅट्रिक स्टुअर्ट या नामवंत इंग्रज नटाचा आहे), आणि थोड्याच वेळात मारेकऱ्यांच्या हातून मरतो. खेळाडू भुयारे आणि गटारे तुडवीत एकदाचा बाहेर पडतो, तो समोर तळे, पलीकडे पडके अवशेष. कुठे जायचे? वाटेल तिकडे. सम्राटाने सोपवलेले काम विसरून महिनाभर फुले वेचीत हिंडलात तरी कोणी रागावणार नाही. ही मोकळीक हाच या मालिकेचा प्राण.

दुसरा गुण म्हणजे आडवाटेच्या गोष्टी. मुख्य कथा बेताचीच आहे. नरकाची दारे उघडतात, आत जाऊन ती बंद करायची. पहिल्या दाराला अंगावर काटा येतो, पाचव्याला जांभई, कारण आतली जगे थोडीच आणि तीच ती पुन्हा पुन्हा वापरलेली. पण शेडिनहल नावाच्या गावात एका चित्रकाराची बायको भेटते. नवरा बंद खोलीतून नाहीसा झालेला! शोध घेतल्यावर कळते की तो आपल्याच चित्रात अडकून पडला आहे. मग आपणही चित्रात शिरायचे. तिथे झाडे रंगाची, राक्षस रंगाचे, आणि त्या राक्षसांवर उपाय कोणता? टर्पेंटाइन! रंग विरघळवणारे तेल. ज्याला हे सुचले त्याच्या पाठीवर थाप द्यावीशी वाटते. अशा दहा-पाच गोष्टींसाठी लोक हा खेळ अजून काढून बसतात.

तिसरी गोष्ट गुणही आहे आणि दोषही. ‘मोरोविंड’मध्ये बहुतेक संभाषण वाचायचे असे. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये प्रत्येक माणूस तोंडाने बोलतो. रेडिओच्या श्रोत्यांना आवाजाची किंमत सांगायला नको. पण ध्वनिमुद्रणाला पैसा लागतो, वेळ लागतो, तबकडीवर जागा लागते. म्हणून माणसे बोलू लागली आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखे मात्र कमी झाले. त्यात आवाज मोजके. एकच नट शेकडो तोंडांतून बोलतो. भिकारी तर भीक मागताना रडका, थरथरता आवाज काढतो आणि वाटेची चौकशी केली की एकदम ठणठणीत, सभ्य गृहस्थासारखा उत्तर देतो! गावकऱ्यांना दिनक्रम दिलेला आहे, ते जेवतात, झोपतात, देवळात जातात. हे त्या काळी अपूर्वाईचे होते. मात्र दोघे रस्त्यात भेटले की खेकड्यांबद्दल बोलून चालू लागतात. असो.

आता मुख्य दोषाकडे येऊ. शिक्षकांनी हे जरा लक्ष देऊन वाचावे.

या खेळात २१ कौशल्ये आहेत. तलवार चालवणे, धावणे, उडी मारणे, औषधे कुटणे, घासाघीस करणे वगैरे. जे कराल ते वाढते. धावलात की धावणे वाढते. कल्पना उत्तम, अगदी तालमीतली. खेळाच्या आरंभी यांतली सात ‘मुख्य’ म्हणून निवडायची. मुख्य कौशल्यांत मिळून दहा वाढी झाल्या आणि मग तुम्ही बिछान्यावर झोपलात, की तुमची एक पायरी चढते. इथवर ठीक. पण पायरी चढताच सारे जगही चढते. पहिल्या पायरीवर रस्त्यातला दरोडेखोर फाटक्या चामड्यात असतो. विसाव्या पायरीच्या पुढे तोच हिरव्या काचेचे महामोल चिलखत घालून आडवा येतो, आणि मागतो काय, तर शंभर मोहरा! अंगावरचे एक चिलखत विकले तर त्याला दरोडे घालायची गरज उरणार नाही.

हसण्यावारी नेण्याजोगे हे नाही. समजा, एकाने व्यापार, गोड बोलणे आणि उड्या मारणे ही मुख्य कौशल्ये धरली. बिचारा इमानाने घासाघीस करीत, उड्या मारीत हिंडला. दहा वाढी झाल्या, पायरी चढली, शत्रू बळकट झाले. याचा हात मात्र होता तिथेच. म्हणजे तो शिकला आणि शिकल्यामुळे दुबळा झाला! क्वाच नावाच्या जळत्या शहरात कथा लवकरच नेते. तिथे कच्च्या अवस्थेत गेलात तर निभावते, पुष्कळ पायऱ्या चढून गेलात तर जिवावर बेतते.

मग खेळाडूंनी काय करावे? विद्यार्थी करतात तेच. परीक्षकाचा नियम ओळखून अभ्यास! नेहमी लागणारी कौशल्ये मुख्य यादीत घ्यायचीच नाहीत, म्हणजे ती वाढली तरी पायरी चढत नाही. काहीजण झोपणेच सोडून देतात. जन्मभर पहिल्या पायरीवर राहतात आणि सारी कथा संपवतात. काहीजण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडतात, कारण शक्ती, चपळाई यांसारख्या गुणांत एका पायरीला जास्तीत जास्त पाचाची भर पडते, आणि ती पडायला त्या गुणाखालच्या कौशल्यांत दहा वाढी आधी जमवाव्या लागतात. खेळ राहिला बाजूला, जमाखर्चाची वही हातात आली.

कर्त्यांचा हेतू वाईट नव्हता. खेळाडूने कुठेही जावे, त्याला कुठेही बरोबरीचा प्रतिस्पर्धी भेटावा, एवढेच त्यांना हवे होते. पण वस्ताद जर प्रत्येक वेळी तुमच्याहून मासाभरच भारी राहणार असेल, तर गेल्या वर्षी ज्याने चीत केले त्याला यंदा चीत करण्याचा आनंद कुठून मिळणार? ‘मोरोविंड’मध्ये काही गुहा कच्च्या माणसासाठी नव्हतीच. तिथून मार खाऊन पळावे लागे, आणि पुढे कधीतरी परत जाता येई. ती परत जाण्याची गोडी इथे हरवली.

हौशी खेळाडूंनी स्वतःच दुरुस्त्या करून त्या फुकट वाटल्या. पुढे २०११ च्या ‘स्कायरिम’ या पाचव्या खेळात कंपनीने प्रदेशाप्रदेशाला शत्रूच्या बळाची मर्यादा घातली. एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नव्या रूपात निघाला, तेव्हा त्यातला जमाखर्च काढून टाकला. आता प्रत्येक पायरीला बारा गुण मिळतात, ते आपल्या मर्जीने वाटायचे. आवाजही काही नवे घातले. दरोडेखोरांचे वाढणे मात्र बरेचसे तसेच ठेवले आहे.

तेव्हा गावात कोणाच्या संगणकावर हा खेळ असेल आणि तो जुना, २००६ चा असेल, तर मुख्य कौशल्ये विचाराने निवडा, क्वाचला लवकर जाऊन या, आणि शत्रू फारच आवरेनासे झाले तर काठिण्य कमी करण्याची पट्टी खेळाच्या मांडणीत दिलेली आहे, ती खुशाल डावीकडे सरकवा. शेडिनहलच्या त्या बाईकडे जाताना मात्र घाई करू नका. चित्रात शिरल्यावर शत्रूकडे पाहण्याआधी आकाशाकडे बघा, तेसुद्धा कुंचल्याने रंगवलेले आहे.