पुइगसेर्दाहून: दवाखाना एक, देश दोन

पुइगसेर्दा हे स्पेनच्या कॅटलोनियातलं, पिरेनीजच्या कुशीतलं गाव. इथल्या हॉस्पिटलातून चालत निघालं तरी फ्रान्स लागतो. मी बोईसरचा, हद्दीवरचा दवाखाना म्हटला की मला तलासरीपुढचा सिल्वासाचा रस्ताच आठवतो.

फ्रान्सच्या बाजूच्या डोंगरगावांना मोठं हॉस्पिटल म्हणजे पर्पिन्यां. सुमारे 100 किलोमीटर घाटरस्ता, बर्फ पडलं की त्याचाही भरवसा नाही. म्हणून सप्टेंबर 2014 मध्ये हद्दीलगत हे 64 खाटांचं हॉस्पिटल दोन्ही बाजूंनी मिळून सुरू केलं. खर्चाचा 60 टक्के वाटा कॅटलोनियाचा, 40 टक्के फ्रान्सचा. बांधकामाला युरोपीय संघाने हातभार लावला. फ्रेंच रुग्ण आपल्याच देशाचं विमाकार्ड दाखवतो आणि ऑपरेशन होतं. पैशांचं दोन्ही सरकारं नंतर बघून घेतात.

कुरकुर आहेच. फ्रेंच आईबापांचं बाळ इथे जन्मलं की जन्मस्थान स्पेन, मग कागदांची धावाधाव. मृतदेह पलीकडे न्यायलाही वेगळे सोपस्कार. जिवंत माणूस सहज हद्द ओलांडतो, मेला की अडतो!

हे खोरं 1659 च्या तहात चिरलं गेलं. लिविया नावाचं गाव तेव्हा स्पेनकडे राहिलं. आजही त्याच्या चारी बाजूंना फ्रान्स आहे. आपल्याला याचं नवल नको. 1954 पर्यंत सिल्वासाच्या दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीज होते, आणि 1960 मध्ये ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव तालुका गुजरातेत गेला. वारल्यांचे सोयरे मात्र दोन्हीकडे राहिले.

आमचा पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, म्हणजे या हॉस्पिटलच्या जेमतेम दीड महिना आधी. तलासरी-डहाणूकडची अडलेली बाळंतीण सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात नाहीतर वलसाडला नेतात. नेणारच, ठाणे-मुंबई लांब पडते. पण इथे ज्याला करार म्हणतात, त्याच्या जागी तिच्या माणसांच्या हातात रेफरची चिठ्ठी असते.

दोन राज्यांत वाटणी आपल्याला जमत नाही असंही नाही. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरातने वाटूनच घेतली. कुणाकडे किती गेली, ते मीटर सांगायचा. सिल्वासाच्या ऑपरेशन थिएटरलाही एक मीटर बसवावा आणि पालघरचं बिल मुंबईला पाठवावं, एवढंच मला इथून सुचतंय.