पाटा वाढवण्यापूर्वी



मोसंबीचा हंगाम आला की अंबड, घनसावंगीच्या रस्त्यांवर पिकअप गाड्यांची रीघ लागते. नवी गाडी घेतली, की मालक पहिल्या महिन्यातच गॅरेजात जाऊन म्हणतो, "मिस्त्री, मागे दोन पाटे वाढवा." मग नाक खाली झुकल्यासारखे दिसते, म्हणून पुढेही एखादा. आमच्या चुलतभावाने मागचे दोन वाढवले. भरलेली गाडी झकास चालली. रिकामी परत येताना मात्र वडीगोद्रीच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, ती डावीउजवीकडे झुलू लागली. स्टेअरिंग हातात, पण चाके आपल्या मनाची! बांधाला टेकून थांबली म्हणून बरे, कारण मागे चार मजूर होते. (माणसे बसवायलाच नको होती, ते निराळे.)

भरलेली गाडी नीट आणि रिकामी गाडी बेताल, हे कसे? एक सायकल घ्या. बाजूला उभे राहून, फक्त सीट धरून तिला पुढे ढकला. हँडल न धरताही पुढचे चाक सरळ चालते. कारण पुढचा चिमटा तिरपा असतो. त्याची रेघ जमिनीपर्यंत ओढली, तर ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते, म्हणून चाक त्या रेघेमागून ओढले जाते. पिकअपच्या पुढच्या एक्सलवरचे किंगपिनही असेच, वरचे टोक किंचित मागे कलवून बसवलेले असतात. याला कॅस्टर म्हणतात. हा कल थोड्या अंशांचाच असतो, पण वळणावरून स्टेअरिंग आपोआप सरळ होते ते मुख्यतः त्याच्यामुळे.

मागे पाटे वाढवले की गाडीचे शेपूट वर उठते, नाक खाली जाते आणि किंगपिनचा कल कमी होतो. माल भरला की मागचा भाग दबतो, कल परत येतो. रिकामी झाली की पुन्हा गेला! चुलतभावाच्या गाडीला हेच झाले होते.

शिवाय माल फार मागे रचला, तर बैलगाडी उलाळ होते तशीच पिकअपही होते. पुढच्या चाकांवरचे वजन हलके होते आणि स्टेअरिंग फिरवले तरी चाके रस्ता धरत नाहीत. पाटा वाढवल्याने एक्सल, ब्रेक, टायर यांची ताकद काही वाढत नाही.

आता पुढे पाटा घातला तर? गुरुजींनी हे फळ्यावर दाखवावे. दोन खिळे वेगवेगळ्या जागी ठोका, कमीजास्त लांबीच्या दोन दोऱ्या बांधा आणि दोन्ही खडू एकाच ठिकाणाहून फिरवा. सुरुवातीला दोन्ही रेघा जवळजवळ जातात, पुढे फाकतात. एक रेघ एक्सलच्या वरखाली होण्याची, दुसरी स्टेअरिंगच्या पेटीतून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची, म्हणजे ड्रॅग लिंकची. नेहमीच्या उंचीवर या रेघा जुळाव्यात, असे गाडी बनवणारा बघतो. नाक वर उचलले, की गाडी फाकलेल्या भागात चालू लागते. मग प्रत्येक खड्ड्यात दांडा चाकाला स्वतःच वळवतो. काही गाड्यांना पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार असतो, तो पिळून नाक वर घेतात. तिथेही चाकांची जुळणी बिघडतेच.

गाडी डुगडुगते म्हटले की पुष्कळ जण स्टेअरिंगची पेटी आवळतात. त्याआधी मागच्या चाकांना दगड लावा, पुढची बाजू जॅकवर घ्या, खाली भक्कम ठोकळा ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर एकाला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिन झिजलेले. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉडचे एंड बघा. पाटे उघडले असतील तर यू-बोल्ट नवे घाला आणि दोन-चार दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळा.

एक गोष्ट मात्र कधीच करू देऊ नका. दांडा जुळत नाही म्हणून गॅसवर तापवून वाकवणे, किंवा स्टेअरिंगच्या आर्मला वेल्डिंग मारणे! लोहार विळ्याला पाणी देतो, तसे त्या पोलादालाही दिलेले असते. तापवले की ते उतरते, आणि दांडा कुठल्या खड्ड्यात तुटेल ते सांगता येत नाही.

कायद्याचेही बघा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीत प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000.

चुलतभावाने वाढवलेले पाटे काढले, किंगपिनचे बुश बदलले, कंपनीच्या मापाने अलाइनमेंट करून घेतली. आता तो हंगामात एका खेपेऐवजी दोन खेपा मारतो. डिझेल जास्त जळते, ही त्याची कुरकुर आहेच.