दिवसाची झोप कोण राखणार?

सकाळचे साडेआठ. रात्रपाळीची परिचारिका पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती देते, औषधांच्या कपाटाची किल्ली सोपवते आणि बस पकडते. घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ होतात. मुलांचे डबे सासूबाईंनी भरलेले असले तरी धुणे तसेच पडलेले असते आणि स्वयंपाक व्हायचा असतो. अकराच्या सुमारास अंग टाकावे, तर गॅसवाला बेल वाजवतो, शेजारी ड्रिल मशीन सुरू होते, मोबाइलवर कर्ज देऊ करणारा फोन येतो. दोन वाजता मुले शाळेतून येतात आणि झोप संपते. रात्री नऊला ती पुन्हा वॉर्डात हजर. हिशेब केला तर झोप जेमतेम तीन तासांची, तीही तुकड्यातुकड्यांची.

चाकणच्या कारखान्यातला ऑपरेटर, सोसायटीचा वॉचमन, एसटीच्या 'रातराणी'चा चालक, बंदोबस्तावरचा पोलीस, कॉल सेंटरमधला तरुण यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. 'तुम्हाला आता सवय झाली असेल,' असे त्यांना सगळेच म्हणतात. सवय होते ती जागे राहण्याची. शरीर मात्र आपले वेळापत्रक सहजासहजी सोडत नाही.

घड्याळ उलटे फिरत नाही

डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हे शरीराचे मुख्य घड्याळ. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. घड्याळाला वेळ कळते ती मुख्यतः उजेडावरून. अंधार पडला की झोपेची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी होते आणि डुलकी अनावर होते. पाळीवरून परतताना ऊन डोळ्यांवर पडते, तेव्हा घड्याळ समजते, दिवस उजाडला. त्यामुळे दिवसाची झोप रात्रीपेक्षा काही तासांनी कमी आणि उथळ होते. सुट्टीच्या दिवशी माणूस घरच्यांबरोबर पुन्हा रात्री झोपतो आणि घड्याळ होते तिथेच राहते.

याची पहिली किंमत अपघाताच्या रूपाने मोजावी लागते. सकाळी सातला उठलेला आणि दुपारी न झोपलेला कामगार रात्री बाराला १७ तास जागा असतो. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की इतक्या जागरणानंतर हात आणि डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना जेवढा बिघडतो तेवढाच बिघडतो. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे मशीनवर उभा असलेला किंवा सकाळी दुचाकीवरून घरी निघालेला हा माणूस थेंबभर न पिताही त्या मर्यादेपलीकडे असतो.

दुसरी किंमत सावकाश वसूल होते. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा, आम्लपित्त आणि नैराश्य जास्त आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले. याच गटात लाल मांसही आहे. त्यामुळे घाबरून नोकरी सोडण्याचे कारण नाही, पण 'थोडे जागरण, त्यात काय' असे म्हणण्यासारखीही ही गोष्ट नाही.

कामगाराच्या हातात काय आहे?

पहिला नियम, घरी आल्यावर आधी झोप, मग बाकीची कामे. खोलीत जाड पडदा हवा. तो नसेल तर डोळ्यांवर काळी पट्टी चालते. पंख्याचा एकसारखा आवाज बाहेरचा गोंगाट झाकतो. मोबाइल बंद आणि बेलही बंद. सलग सात तास जमत नसतील, तर सकाळी पाच तास आणि पाळीवर जाण्यापूर्वी दीड तास, अशी दोन भागांत झोप घ्यावी. पाळीच्या पहिल्या दिवशी तर दुपारची झोप चुकवूच नये. पाळ्या संपल्या, की शेवटच्या दिवशी सकाळी दोन-तीन तासच झोपावे, म्हणजे रात्री वेळेवर झोप लागते.

चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यावी. त्यातील कॅफिन निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात. नऊला झोपायचे असेल, तर पहाटे तीननंतरचा कप झोपेच्या आड येतो. डोळे उघडे ठेवण्यासाठी तंबाखू, मावा किंवा मिश्री लावणारे पुष्कळ आहेत. तो उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट.

जेवण पाळीवर जाण्यापूर्वी, सातआठपर्यंत उरकावे. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १९ निरोगी तरुणांकडून रात्रपाळीसारखे जागरण करवले. ज्यांना रात्रीही जेवण दिले त्यांची रक्तशर्करा सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांत अशी वाढ दिसली नाही. म्हणून मध्यरात्रीनंतर वडापाव आणि गोड बिस्किटांऐवजी ताक, फुटाणे किंवा एखादे फळ पुरे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र परस्पर उपाशी राहू नये. जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांना पाळीचा तक्ता दाखवूनच ठरवाव्यात. अपस्माराच्या रुग्णाला जागरणाने झटका येऊ शकतो, त्याने रात्रपाळी टाळणेच बरे. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. मोठ्याने घोरणे, गाडी चालवताना डोळा लागणे, महिनोन् महिने उदास वाटणे ही तपासणी करून घेण्याची लक्षणे आहेत.

आणि मालकाच्या?

एवढे सगळे पाळूनही पाळीचा तक्ता चुकीचा असेल, तर फार काही साधत नाही. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवाव्यात, कारण शरीराला उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. सलग तीनपेक्षा जास्त रात्री शक्यतो लावू नयेत आणि दोन पाळ्यांत किमान ११ तास असावेत. महिन्याचा तक्ता आधी हातात मिळाला, तर घरचेही त्याप्रमाणे कामे आखू शकतात. कामाच्या जागी भरपूर उजेड असावा. आळीपाळीने वीस मिनिटांची डुलकी घेऊ द्यावी. उठल्यावर काही मिनिटे सुस्ती राहते, तेवढ्यात जोखमीचे काम देऊ नये. डुलकीला कामचुकारपणा मानणे सोडले, तर चुका कमीच होतील. सकाळी घरी सोडणारी गाडी असेल, तर दुचाकीवरचे अपघात टळतील.

हे सारे नवे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच म्हटले होते, की मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतल्या कामगाराची सुट्टी पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास धरावी. रविवारी सकाळी सुटून त्याच रात्री हजर होणे म्हणजे सुट्टी नव्हे, एवढे तेव्हाही कळत होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९० च्या रात्रकामविषयक करारात कामगाराने मागितल्यास मोफत आरोग्य तपासणी, रात्रपाळी न झेपणाऱ्याला शक्य असेल तिथे तशाच दुसऱ्या कामावर बदली आणि गर्भवतीला काही आठवडे रात्रपाळीपासून सूट, अशा तरतुदी आहेत. ठेकेदाराकडच्या वॉचमनला यातले काय मिळते, हे ज्याने त्याने आपल्याच सोसायटीच्या फाटकावर विचारून पाहावे.

उरला प्रश्न घराचा. बाईची रात्रपाळी असेल तर तो अधिक अवघड, कारण पुरुष पाळीवरून आला की घर त्याला झोपू देते, बाई आली की घर तिची वाटच पाहत असते. पाळीच्या आठवड्यात धुणे, स्वयंपाक आणि मुलांना शाळेतून आणणे दुसऱ्या कोणीतरी अंगावर घेतले, तर त्या परिचारिकेला सकाळी दहा ते दुपारी चार झोपता येईल. रात्री इंजेक्शनचा डोस मोजताना तिचा हात स्थिर राहील, आणि त्या हाताखालचा रुग्ण कदाचित आपल्याच घरातला असेल.