युनायटेड वेस्टर्न : साताऱ्यातली मुख्य कचेरी

अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 साली साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली आणि 1936 साली युनायटेड वेस्टर्न बँक. दोन्हींची मुख्य कचेरी जिल्ह्याच्या गावीच राहिली. आपल्या भागातला पैसा आपल्याच माणसांनी सांभाळावा आणि आपल्याच उद्योगाला लावावा, ही स्वदेशीच्या काळात रुजलेली जिद्द होती. सांगली बँक 1916 साली निघाली, कुरुंदवाडची गणेश बँक 1920 साली आणि कोल्हापूरची रत्नाकर बँक 1943 साली.

चिरमुल्यांची विमा कंपनी 1956 साली राष्ट्रीयीकरणात आयुर्विमा महामंडळात गेली. बँक मात्र उरली. सरकारने 1969 साली 50 कोटींहून अधिक ठेवींच्या 14 बँका ताब्यात घेतल्या, 1980 साली 200 कोटींच्या वरच्या आणखी 6. लहान असल्यामुळे युनायटेड वेस्टर्न दोन्ही वेळा वगळली गेली.

अशा बँकेचे बळ माणसे ओळखण्यात असते. उसाचे बिल कधी जमा होणार, जामीनदाराचा शब्द गावात किती चालतो, हे शाखेतल्या साहेबाला कागद न चाळता ठाऊक असते. आणि मोठे प्रकरण वर पाठवायचे, तर तो ‘वर’ही साताऱ्यातच! कर्ज मागणाऱ्याला एसटीने जाऊन आपली बाजू मांडता येते. दुखणेही इथेच असते. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, आणि भागभांडवल बेताचे असल्याने चार मोठी कर्जे थकली तरी कंबर मोडते. 1992 नंतर थकीत कर्जांच्या तरतुदीचे आणि भांडवल पर्याप्ततेचे नियम कडक झाले, तेव्हा हे दुखणे ताळेबंदात उघडे दिसू लागले. मार्च 2006 मध्ये युनायटेड वेस्टर्नची भांडवल पर्याप्तता, किमान 9 टक्के हवी असताना, शून्याच्याही खाली होती.

2 सप्टेंबर 2006 रोजी, ऐन गणेशोत्सवात, बँकेवर स्थगिती आली. खात्यातून काढता येणार फक्त 10 हजार रुपये. ज्यांची आयुष्याची पुंजी तिथे मुदतठेवीत होती, त्या निवृत्त शिक्षकांचे, कारकुनांचे ते दिवस कसे गेले असतील! सुदैवाने ते लांबले नाहीत. बँक घ्यायला अनेक जण पुढे आले, रिझर्व्ह बँकेने आयडीबीआयला निवडले आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, 3 ऑक्टोबरला, विलीनीकरण अमलात आले. विकास वित्तसंस्थेची नुकतीच बँक झालेल्या आयडीबीआयला शाखा हव्याच होत्या. इथे सुमारे 230 तयार मिळाल्या.

बँकिंग नियमन कायद्याच्या 45 व्या कलमाने हे झाले. केरळातली पालई सेंट्रल बँक 1960 साली बुडाली आणि ठेवीदार पोळले, त्यानंतर सक्तीच्या विलीनीकरणाचा हा अधिकार कायद्यात आला. ठेवीदाराचा रुपया न् रुपया वाचला, म्हणून मला तो निर्णय योग्यच वाटतो. पण या कलमात भागधारकाचे मत घ्यावे लागत नाही. ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या भागधारकांना 2004 साली काहीच मिळाले नव्हते. साताऱ्याच्या भागधारकांना शेअरमागे 28 रुपये तरी मिळाले. सांगली बँकेने एप्रिल 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये जाताना स्वेच्छेची, भागधारकांच्या मंजुरीची वाट धरली. गणेश बँक 2006 सालीच फेडरल बँकेत गेली होती. रत्नाकर तेवढी टिकली, आज ती आरबीएल म्हणून ओळखली जाते.

जानेवारी 2019 मध्ये आयुर्विमा महामंडळाने आयडीबीआय बँकेचा 51 टक्के हिस्सा घेतला. चिरमुल्यांच्या दोन्ही संस्थांचा वारसा असा एका मालकाकडे आला, पण मालक मुंबईत. शाखा साताऱ्यात आहेत, व्यवहार चालतात, कर्जेही मिळतात. मोठ्या कर्जाचा शेवटचा शब्द मात्र आता गावात होत नाही, आणि ही हानी कुठल्याच विलीनीकरण योजनेत मोजली जात नाही.

निदान संचालक मंडळाची इतिवृत्ते आणि जुनी कर्जखाती रद्दीत जाऊ नयेत. त्या बँकेत नोकरी केलेली माणसे अजून आहेत, तोवर त्यांच्या मदतीने ती लावून घ्यावीत. साताऱ्यातला कोणता कारखाना, कोणते दुकान, कोणती विहीर या बँकेच्या पैशावर उभी राहिली, हे त्या कागदांतच सापडेल.