दहावीत एक-दोन विषय राहिले, तर पुढं नेमकं काय? उजनीकाठच्या पालकांनी हे वाचाच

फेब्रुवारी-मार्च. उजनीचं पाणी मागं सरकायला लागलेलं, गाळपेरावर पिकं उभी, कारखान्यांची धुराडी चालू आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. नेमकी याच दिवसांत दहावीची परीक्षा असते. करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतल्या धरणाकाठच्या घरांमध्ये पोरगं पेपरला आणि आई-बाप फडात किंवा होडीवर, हे चित्र नवं नाही. निकाल लागतो मे महिन्यात. 'राहिला' म्हटलं की अनेक घरांत शाळेचा विषयच संपतो. नियम मात्र तसं म्हणत नाहीत.

३५ चं गणित

प्रत्येक विषयाला १०० पैकी ३५ हवेत, हे सगळ्यांना माहीत असतं. गट-उत्तीर्णतेची सवलत फार जणांना माहीत नसते. तीन भाषांची बेरीज १०५ होत असेल आणि प्रत्येक भाषेत किमान २५ असतील, तर मूल पास. गणित-विज्ञानालाही तसंच: दोन्हींत किमान २५ आणि बेरीज ७०. म्हणजे गणितात २८ पडले तरी विज्ञानातले ४२ त्याला तारतात. गुणपत्रिका हातात आली की आधी ही बेरीज करा, मग रडा.

आता ते २० अंतर्गत गुण. तोंडी परीक्षेत १८ मिळाले की लेखीत ८० पैकी १७ वर काम भागतं. हे फुकटचे गुण आहेत, अशी टीका झाली आणि २०१९ च्या परीक्षेला भाषा व समाजशास्त्राचे अंतर्गत गुण बंद केले. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून थेट ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत आणले, निकाल ९५.३०. तेव्हा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे रद्द झाला होता, हेही खरं. पण एका वर्षात पोरं एवढी हुशार होत नाहीत. मोजपट्टी बदलली की उंची बदलते, एवढंच.

राहिलं तर?

एक किंवा दोन विषय राहिले, तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. राहिलेले विषय बारावीत जाण्याआधी सोडवावे लागतात. (इंजिनिअरिंगला प्रस्तुत प्रतिनिधीनंही गणिताची एटीकेटी ओढली आहे. लाजायचं कारण नाही.) पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये व्हायची, २०१५ पासून ती जुलैच्या आसपास होऊ लागली. त्यामुळे पास झालं तर वर्ष वाचतं. मात्र निकालानंतर अर्ज भरायला दिवस थोडे असतात. शाळेचा फोन येईल म्हणून थांबू नका, स्वतः जा.

शाळा सुटूनच गेली असेल, तर १७ नंबरचा फॉर्म आहे. किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण असली, की खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागदपत्रं नेमून दिलेल्या शाळेत द्यायची. शाळा सोडल्याचा दाखला सांभाळून ठेवा, सगळं त्यावर अडतं. सोलापूर आणि पुणे हे दोन्ही जिल्हे पुणे विभागीय मंडळातच येतात, त्यामुळे कुगावचं पोर मामाकडं कळाशीला राहायला गेलं तरी मंडळ बदलत नाही.

एवढा आटापिटा कशाला?

कारण कागद लागतो. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवक व्हायचं, तर गणित-इंग्रजीसह दहावी पास हवं, आणि निवडही दहावीच्या गुणांवरच होते. आयटीआयच्या मोजक्या ट्रेडना आठवी चालते, बाकीच्यांना दहावी.

अशा एका परीक्षेवर दाखला अडवावा का, हा वाद बाहेरही आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळा पूर्ण केल्याचा दाखला मिळवायला दहावीतल्या इंग्रजी, गणित, विज्ञानाच्या राज्यस्तरीय चाचण्या पास व्हाव्या लागत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ती अट काढून टाकली. चाचण्या सुरूच आहेत, पण त्यावर दाखला अडत नाही. आपल्याकडं वारं उलटं आहे: २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीलाही पास होण्याची अट आली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही राहिली तर त्याच वर्गात.

म्हणजे उसतोडीवर आई-बापांसोबत गेलेलं मूल आता दहावीच्या आधीच अडू शकतं. आपलं मूल यंदा पाचवीत किंवा आठवीत असेल, तर फेरपरीक्षेची तारीख वर्गशिक्षकांकडून आत्ताच लिहून घ्या.